भिंतीतल्या वायरला नेमकं कोण वाचवतं?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिल्या महिनाभरात भिंतींना जेवढी भोकं पडतात तेवढी पुढे कित्येक वर्षांत पडत नाहीत. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट, किचनमधले वरचे कप्पे, पाण्याचा फिल्टर, बाथरूमचा आरसा, देव्हारा. ड्रिल घेऊन आलेला माणूस भिंतीवर बोट ठेवून विचारतो, "साहेब, इथून वायर नाही ना गेलेली?" उत्तर ठरलेलं असतं : "गेली असली तरी पाइपमधूनच आहे ना!"

हा भरवसा चुकीचा आहे. कन्सील्ड वायरिंगमधला पाइप पीव्हीसीचा असतो, त्याची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. काँक्रीटला भोक पाडणारा हॅमर ड्रिल त्यातून आरपार जाताना हाताला जाणवतही नाही. पाइपाची कामं वेगळी आहेत, ती महत्त्वाचीही आहेत, पण खिळ्याला अडवणं त्यात येत नाही. ते काम दोन गोष्टींवर असतं : वायर भिंतीतून कुठून जाणार याचा पाळलेला नेम, आणि डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, बसवलेला आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की लाइन तोडणारा स्विच. पहिल्यामुळे खिळा वायरपर्यंत सहसा पोचत नाही. पोचलाच तर दुसऱ्यामुळे माणूस वाचतो. घराच्या कामात पैसे मात्र नेमके उलटे खर्च होतात. पाइप कोणत्या कंपनीचा यावर तासभर चर्चा होते आणि आरसीसीबीचा विषयच निघत नाही.

पाइप कशाला मग?

मुख्य कारण एकच : वायर उद्या बदलता यावी. वायरवरच्या साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. ती वारंवार ओलांडली गेली की आवरण कडक होतं, तडकतं. तेव्हा जुनी वायर ओढून त्याच वाटेने नवी घालता आली पाहिजे, भिंत न फोडता. वायर सरळ गिलाव्यात पुरली असेल तर ही सोय संपली. पैसे वाचवायला एखाद्या पॉइंटपुरती वायर झिरीत, म्हणजे भिंतीत खोदलेल्या खाचेत, ठेवून वरून सिमेंट मारून टाकण्याचा प्रकार अजूनही दिसतो. त्यात वायर लगेच जळत वगैरे नाही, म्हणून तो खपतो. पण ती वायर त्या भिंतीची झाली, घरमालकाची राहिली नाही.

वायर बदलता यायची तर पाइप ठासून भरलेला नको. आतल्या जागेच्या ४० टक्क्यांपर्यंतच वायरी असाव्यात, उरलेली जागा हवेला आणि ओढायला, असा जुना धडा आहे. २० मिलिमीटरच्या पाइपात गिझरची, एसीची आणि दोन खोल्यांच्या दिव्यांची अशा सगळ्या वायरी कोंबल्या, तर एक ओढताना दुसरीचं आवरण खरवडतं. शिवाय त्या एकमेकींना तापवतात. वळणावर काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड लागतो, कारण फिश वायर, म्हणजे वायरी ओढून घ्यायची लवचीक तार, काटकोनात अडकते. आणि वायरीचा जोड पाइपाच्या आत कधीही नको. जोड हवा असेल तर जंक्शन बॉक्समध्ये, आणि बॉक्सचं झाकण उघडता येईल असं. पीओपीखाली गाडलेला जंक्शन बॉक्स म्हणजे नसलेला बॉक्स.

पाइपाचं दुसरं काम बांधकामाच्या काळातलं. गवंड्याची थापी, सिमेंटचं पाणी, उघड्या तोंडातून शिरणारी वाळू आणि उंदीर यांपासून तो वायर जपतो. म्हणून प्लास्टर होईपर्यंत पाइपांची तोंडं बंद ठेवायची आणि वायर शेवटी ओढायची. घाईच्या साइटवर हा क्रम उलटतो.

जुन्या मुंबईत काळे लोखंडी पाइप असत. ते खिळ्याला बऱ्यापैकी दाद देत नसत आणि अर्थिंगला जोडलेले असले तर खिळा शिरताच फ्यूज उडे. पण किनाऱ्याच्या हवेत ते आतून गंजले, गंजाच्या खपल्यांनी वायरी कापल्या, जोडांतली अर्थिंगची सलगता गेली. पीव्हीसीने ही दुखणी संपवली, पण तो थोडाफार अडथळाही गेला. त्याच्या जागी काय आलं, याचा विचार कमी घरांत झाला.

वायरीने सरळच जायचं

भिंतीत वायर लपली की ती ओळखायची एकच खूण बाहेर उरते : स्विचबोर्ड किंवा प्लग पॉइंट. त्यामुळे सगळी सुरक्षितता एका नेमावर उभी आहे. बोर्डातून वायर सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी जाणार. तिरकी नाही. हा नेम पाळला गेला, तर कुणालाही नकाशाशिवाय कळतं की बोर्डाच्या उभ्या-आडव्या पट्ट्यात ड्रिल लावायचा नाही.

ब्रिटनमध्ये हा नेम नियमात लिहिलेला आहे, कारण तिथे केबल बहुधा पाइपाशिवाय थेट गिलाव्याखाली असते. त्यांच्या बीएस ७६७१ या मानकाप्रमाणे पृष्ठभागापासून ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल असलेली केबल ठरावीक पट्ट्यांतूनच न्यायची : बोर्डाच्या सरळ रेषेत उभी किंवा आडवी, अथवा छताखालच्या आणि दोन भिंतींच्या कोपऱ्याजवळच्या १५० मिलिमीटरच्या पट्ट्यात. ते जमणार नसेल तर अर्थ केलेलं धातूचं कवच हवं. जर्मनीत डीआयएन १८०१५-३ हे मानक आहे. त्यात छताखाली १५ ते ४५ सेंटिमीटर आणि जमिनीवर १५ ते ४५ सेंटिमीटर असे आडवे पट्टेच आखून दिलेत.

नेम मोडला की काय होतं, याचं उदाहरण लंडनमध्ये २००४ साली घडलं. एका खासदाराच्या मुलीच्या स्वयंपाकघरात डाव-पळ्या अडकवायची धातूची पट्टी स्क्रूने भिंतीवर बसवलेली होती. भिंतीतली केबल तिरकी नेलेली असल्याने पट्टी बसवणाऱ्याला तिथे केबल असेल असं वाटायचं कारण नव्हतं. स्क्रूने केबल दुखावली, पट्टीत वीज उतरली, आणि एके दिवशी ती पट्टी आणि डिशवॉशर यांना एकदम हात लागल्यावर त्या बाईंचा जीव गेला. ब्रिटनच्या मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने घरातल्या कमी खोलीवरच्या अशा केबलींना, अर्थ केलेलं कवच नसेल तर, ३० मिलिअँपिअरचं संरक्षण सक्तीचं केलं. भारतात ज्याला आपण आरसीसीबी म्हणतो तेच हे.

आपल्याकडचा वायरमनही पाइप उभे-आडवेच नेतो. आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा कोर्स केलेला असो वा उस्तादाकडे शिकलेला. पण नेम मोडायच्या जागा ठरलेल्या आहेत. इंटिरियरच्या वेळी बोर्ड दोन फूट डावीकडे सरकवायचा असतो. जुन्या बोर्डापासून नव्यापर्यंत सरळ आडवी झिरी मारली तर ठीक, पण उंचीही बदलायची असेल तर तिरकी झिरी सर्वांत जवळची पडते. जुना बोर्ड मग बुजवून टाकतात, म्हणजे बाहेरची खूणही गेली. एसी नंतर घेतला की त्याची लाइन खिडकीला वळसा घालून मनाला येईल तशी जाते. घरात तुमच्या आधी कोणी राहून गेलं असेल, तर नेम पाळलाय असं गृहीत धरू नका.

दोन जागा विशेष सांगायला हव्यात. पहिली भिंतीची पाठ. साडेचार इंची भिंतीत झिरी हॉलच्या बाजूने मारलेली असते आणि बोर्डही हॉलमध्येच. बेडरूमच्या बाजूने पाहिलं तर भिंत कोरी. लांब स्क्रू तिथून मारला की तो सरळ हॉलच्या पाइपात. म्हणून ड्रिल लावण्याआधी पलीकडच्या खोलीत जाऊन पाहायचं, शेजाऱ्याची सामायिक भिंत असेल तर बेल वाजवून.

दुसरी जागा म्हणजे स्लॅब. भिंतीतला सरळपणाचा नेम स्लॅबमध्ये लागूच नाही. तिथे काँक्रीट ओतण्यापूर्वी सळयांवर पाइप अंथरतात आणि पंख्याच्या बॉक्सपासून भिंतीपर्यंत सर्वांत जवळच्या वाटेने, बहुधा तिरके, नेतात. त्यामुळे कपडे वाळवायच्या दोऱ्यांची कप्पी, झोपाळ्याचा हूक किंवा फॉल्स सीलिंगचे अँकर मारताना बोर्ड पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. माइव्हानच्या इमारतींत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीही काँक्रीटच्या ओततात तिथे, हीच गत भिंतींची. शिवाय त्या भिंतींत नंतर झिरी मारायची नसते, कारण भिंत स्वतःच इमारतीचा भार पेलत असते. अशा घरात नवा पॉइंट हवा असेल तर वरून पीव्हीसीची पोकळ पट्टी लावून तिच्यातून वायर न्या. दिसायला ती बरी नसते हे मान्य, पण वायर कुठे आहे ते ती कायमचं सांगत राहते, आणि इतका प्रामाणिक पाइप दुसरा नाही.

झिरी किती खोल?

वायर जितकी खोल तितकी सुरक्षित, पण भिंत तितकी दुबळी. विटांच्या बांधकामासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १९०५ मध्ये, भार पेलणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असं प्रमाण आहे. नऊ इंची म्हणजे २३० मिलिमीटर भिंतीला हे ७६ आणि ३८ मिलिमीटर येतं, त्यात पाइप निवांत बसतो. साडेचार इंची भिंतीला हेच गणित केलं तर उभी ३८ मिलिमीटर चालते, आडवी मात्र १९. म्हणजे २० मिलिमीटरचा पाइपही आडवा बसत नाही! फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुधा भार पेलत नसतात, तरी पातळ भिंतीला आडवी झिरी का नको हे या आकड्यांतून कळतं. वीट अर्धी कापली जाते, वरच्या थरांचा आधार जातो आणि वर्षभरात त्या रेषेत चीर उमटते. पाइप आडवा न्यायचा तर तो वर, छताजवळून किंवा फ्लोअरिंगखालून न्यावा आणि भिंतीत फक्त उभा उतरवावा.

आरसीसी कॉलम आणि बीमला झिरी मारायची नाही. यात तडजोड नाही. इंटिरियरवाला "वरवरच मारतो" म्हणाला तरी नाही. सळईवरचं काँक्रीटचं आवरण गेलं की गंज सुरू होतो.

सिपोरेक्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत छिन्नी-हातोडा नको. ब्लॉक आत कुठेतरी तडकतो. कटरने दोन समांतर रेषा मारून मधलं खरवडायचं. पाइप झिरीत हूक किंवा तारेने घट्ट धरायचा, किमान अर्धा इंच गिलावा वर येईल एवढा आत, आणि बुजवल्यावर त्या रेषेवर कोंबडी जाळी ताणून मग प्लास्टर. जाळी नसेल तर बोर्डाच्या वर भिंतभर जाणारी केसासारखी चीर येते. तशी चीर तुमच्या भिंतीवर असेल तर रंगवाल्यावर चिडण्याआधी ती नीट पाहून ठेवा. पाइप कुठून गेलाय त्याचा तो फुकट नकाशा आहे.

खिळा लागलाच तर आत काय घडतं?

सगळ्यांच्या मनात एकच चित्र असतं : ठिणगी उडते, लाइट जाते. तसं झालं तर नशीब समजा. स्क्रू फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम भिडला तर शॉर्टसर्किट होतं, शेकडो अँपिअर वाहतात, एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की लाइन तोडणारा डीबीतला स्विच, क्षणात पडतो. फेज आणि अर्थिंगची हिरवी वायर एकत्र भिडली तरी तेच. नुकसान झालं, पण ते कळलं.

धोका न कळणाऱ्या प्रकारांत आहे. स्क्रू एकट्या फेजला लागला तर काहीच होत नाही. लाइट जळते, पंखा फिरतो, कारागीर पैसे घेऊन जातो. वीट आणि प्लास्टर कोरडे असतील तर गळणारा प्रवाह अगदी किरकोळ असतो. पण स्क्रूच्या डोक्यावर २३० व्होल्ट आहेत, आणि त्यावर धातूचा टॉवेल रॉड असेल तर संपूर्ण रॉडवर आहेत. ओल्या हातापायांच्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला तर त्याच्यातून २३० मिलिअँपिअर वाहतील. जीव घ्यायला हा प्रवाह पुरेसा आहे. आणि एमसीबी? १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह त्याच्या क्षमतेच्या सत्तराव्या भागाइतका. तो जागचा हलणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. एमसीबी वायरीला जळण्यापासून वाचवायला बनवलाय, माणसाला शॉकपासून वाचवायला नाही.

कधी ड्रिल फक्त हिरवी वायर तोडतो. घरात काहीच बदलत नाही, कारण अर्थिंगशिवाय सगळं चालतं. पुढे कधीतरी गिझरची कॉइल फुटते आणि बॉडीत आलेल्या विजेला जमिनीत जायला वाट उरलेली नसते.

आणि कधी आवरणाला नुसता ओरखडा पडतो. हा प्रकार वायरमनला सर्वांत जास्त छळतो. उन्हाळाभर शांतता, आणि जून-जुलैत गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची ओल पाइपात उतरली की आरसीसीबी पडायला लागतो. दुपारी चालू, रात्री बंद. कोकणात आणि मुंबईत हे पावसाळी दुखणं म्हणून लोकांनी स्वीकारूनच टाकलंय. मग कोणीतरी शहाणपणाने आरसीसीबी बायपास करून देतो आणि "प्रॉब्लेम सुटला" म्हणतो. सुटला तो फक्त आवाज. ओरखडा, ओल आणि वीज तिन्ही जागच्या जागी आहेत.

आरसीसीबीचं काम

तत्त्व साधं आहे : फेजमधून घरात गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून जसाच्या तसा परत यायला हवा. आरसीसीबीच्या आत दोन्ही वायरी एका कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखे असले की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून टाकतात. थोडाही प्रवाह भिंतीतून, पाइपातून किंवा माणसातून जमिनीत गेला की जमाखर्च जुळत नाही, आणि ती तफावत खटका ओढते. घरासाठी ही तफावत ३० मिलिअँपिअर ठरवलेली आहे. १५ पर्यंत तो पडत नाही, १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो, आणि ३० ला कमाल ०.३ सेकंदात पडलाच पाहिजे. तफावत १५० मिलिअँपिअर असेल तर ०.०४ सेकंदात. जुन्या ४० वॉटच्या पिवळ्या बल्बमधून १७० च्या आसपास मिलिअँपिअर वाहतात, त्यावरून ३० किती कमी ते बघा.

शॉक बसतोच, हे लक्षात ठेवावं. आरसीसीबी शॉक टाळत नाही, तो आवरता घेतो. हृदयाची लय बिघडण्याआधी वीज तोडणं एवढंच त्याचं ध्येय. आणि एक प्रकार त्याला दिसत नाही : एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं तर गेलेला प्रवाह पुरता परत येतो, जमाखर्च जुळतो, आणि तो गप्प राहतो.

खरेदी करताना लेबल वाचा. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही आरसीसीबी मिळतात. ते आगीचा धोका कमी करायला असतात, माणसासाठी नाहीत. बिल्डरने डीबीत १०० चा बसवून "ईएलसीबी दिलाय" (आरसीसीबीला बाजारात रूढ असलेलं जुनं नाव) असं सांगितलेलं असू शकतं. त्याच्यावरचं टी अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबूनही तो पडला नाही तर तो निव्वळ स्विच आहे, बदलून घ्या. आणि शक्य असेल तर सबंध घराला एक न बसवता दोन-तीन बसवा. एकच असला की बाथरूममधल्या ओलीने फ्रिजही बंद होतो, आणि वैतागून बायपास करायचा मोह तिथूनच सुरू होतो. इन्व्हर्टर असलेल्या घरात इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र झालेला असू शकतो, त्यामुळेही आरसीसीबी कारण नसताना पडल्यासारखा वाटतो. वाटतो एवढंच; जोडणी चुकलेली आहे आणि ती दुरुस्त होते.

आणखी एक शत्रू आतलाच आहे, उष्णता. भिंतीत पुरलेल्या वायरीला मोकळ्या हवेसारखं थंड होता येत नाही. पाइपातून नेलेली दीडची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर सुमारे १३-१४ अँपिअर, अडीचची १८-१९ आणि चारची २४-२६ अँपिअर सुखाने वाहते. म्हणून अडीचच्या वायरीला १६ चा एमसीबी. एसी आणि गिझर एकाच लाइनवर टाकल्याने तो सारखा पडतो म्हणून कोणी ३२ चा बसवला, तर एमसीबी पडायचा थांबतो आणि भिंत तापायला लागते. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळायचे, त्याचाच हा नवा अवतार.

ड्रिल लावण्यापूर्वी

बाजारात मिळणारा केबल डिटेक्टर चालू वायरीभोवतीचं विद्युत क्षेत्र ओळखतो. म्हणून त्या बोर्डाची बटणं चालू ठेवून तपासायचं, नाहीतर स्विचच्या पलीकडची वायर त्याला दिसत नाही. ओल्या प्लास्टरवर तो फसतो, आणि झिरीवर कोंबडी जाळी असेल तर धातू शोधणारा प्रकार भिंतभर पिं-पिं करतो. तो "आहे" म्हणाला तर विश्वास ठेवा, "नाही" म्हणाला तर अर्धाच. मोबाइलवरची धातू शोधणारी ॲप फोनमधल्या होकायंत्राच्या सेन्सरवर चालतात. त्यांना लोखंड कळतं, तांबं नाही. वायर तांब्याची असते.

सर्वांत खात्रीचं साधन म्हणजे प्लास्टरपूर्वीचे फोटो. झिरीत पाइप बसले की प्रत्येक भिंतीसमोर उभं राहून, मीटर टेप जमिनीपासून उभी धरून, सरळ फोटो काढायचा. बाथरूम आणि किचनचे टाइल्स लागण्याआधी तर नक्की. फोटो फोनमध्ये हरवतात, त्यामुळे छापून डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवलेले बरे.

दुसरी गोष्ट मेगरची, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राची. नव्या वीज जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, पण तो फर्निचर होण्याआधीचा असतो. घरातले सर्वांत जास्त खिळे सुतार मारतो, आणि तो वायरमनच्या नंतर येतो. वॉर्डरोबची पाठ, टीव्ही युनिटचं पॅनेल, बेडची हेडबोर्ड, सगळं पाइपांवरून. म्हणून सुतार गेल्यावर, रंगाचा शेवटचा हात मारण्याआधी, पुन्हा एकदा मेगर लावून घ्या. सगळी उपकरणं काढून, मेन बंद ठेवून, ५०० व्होल्टला फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल. प्रत्येक सर्किटला किमान १ मेगाओहम आलं पाहिजे. नवी वायर याच्या कितीतरी वर दाखवते. एखादंच सर्किट बाकीच्यांपेक्षा खूप खाली आलं तर तिथे कुठेतरी खिळा आहे, आणि सुतार अजून ओळखीत आहे तोवर तो कुठे मारला हे विचारता येतं.

काम करताना मेन बंद करून भागत नाही. इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्याबरोबर तो स्वतः सुरू होतो आणि दिवे-पंख्यांच्या वायरी पुन्हा जिवंत होतात. मेन बंद, इन्व्हर्टरचा आउटपुट बंद, आणि मग त्या बोर्डावर टेस्टर लावून पाहायचं, हा क्रम.

तरीही ड्रिल वायरीत गेलाच, तर तो चालू ठेवून मागे ओढू नका. सोडा, मेन आणि इन्व्हर्टर पाडा, मग काढा. एमसीबी वर उचलून "चालतंय ना" असं बघायचं नाही. त्या क्षणी शॉर्ट नसेल तर एमसीबी वरच राहतो, दुखावलेलं आवरण त्याला कळत नाही. भोकात एम-सील किंवा पुट्टी भरून तोच स्क्रू चार इंच बाजूला मारणं हा महाराष्ट्रभर चालणारा उपाय आहे आणि तो उपाय नाही. त्या दोन बॉक्सांमधल्या पाइपातल्या सगळ्या वायरी बाहेर ओढून पाहायच्या. जिला धक्का लागलाय ती अखंड नवी घालायची, टेप लावून परत आत सारायची नाही. पाइप त्या जागी फुटलेला असेल तर तेवढंच प्लास्टर फोडून कपलरने जोडायचा. वायर ओढल्यावर येतच नसेल, तर पाइप दबलाय किंवा तो कधी पाइपच नव्हता; तेव्हा त्या बोर्डाची जुनी लाइन डीबीतून कायमची काढून टाका आणि नवी वरून पट्टीतून आणा. पट्टी किचनच्या टाइल्सवर शोभणार नाही, असं कुणीतरी म्हणेल. म्हणू द्या.